फुलामायचं अळणी बेसन

रोहण्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी गावातल्या चार शहाण्या माणसांनी मला एकमतानं सल्ला दिला, की काहीही करा पण पंचफुलाबाईच्या घरी खोली घेऊ नका. रोहण्यात एकमत ही किती दुर्मिळ चीज आहे, ते मला पुढे कळलं. कारण विचारलं तर कुणी म्हणे घर अपशकुनी, कुणी म्हणे बाई फाटक्या तोंडाची. एक म्हातारबुवा जवळ सरकून हळूच म्हणाले, "त्या घरात तीन मानसं मेली जी, अन् बुढी रडली नाई." एवढं ऐकल्यावर मी दुसरी खोली पाहायला निघाले. पण शाळेच्या मास्तरणीला भाड्यानं द्यावी अशी दुसरी खोली गावात कुणाकडेच नव्हती. संध्याकाळी माझी ट्रंक आणि वळकटी पंचफुलाबाईच्या छपरीत येऊन पडली आणि पुढे माझी बदली होईपर्यंत तिथेच राहिली.

सारं गाव तिला फुलामाय म्हणायचं. नावावरून कुणी नाजूक बाई डोळ्यांपुढे आणली असेल तर ती पुसून टाकावी. फुलामाय उंच, काळी, हाडापेरानं मजबूत, आणि आवाज असा की वावरातून हाक मारली तर घरातली शेळी कान टवकारायची. पायात नवऱ्याच्या वहाणा. त्या तिला चांगल्या दोन बोटं मोठ्या व्हायच्या, त्यामुळे ती कुठेही निघाली की फटक फटक असा आवाज आधी पोचायचा आणि तिच्याविषयी बोलत बसलेल्या बायकांना विषय बदलायला वेळ मिळायचा. नवऱ्याची आठवण म्हणून वहाणा घालते, असं समजून मी एकदा फार हळव्या आवाजात तिला त्याबद्दल विचारलं. तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. "चामडं चांगलं हाय," ती म्हणाली.

मी येण्याच्या काही वर्षं आधी, पावसाळा सरता सरता गावात मरी आली होती. मरी म्हणजे कॉलरा. एका आठवड्यात फुलामायचा नवरा, थोरला मुलगा आणि धाकटा मुलगा असे तिघं त्या घरातून गेले. मागे उरल्या दोघी, फुलामाय आणि थोरल्याची बायको वच्छला. वच्छलाचं लग्न होऊन जेमतेम एक उन्हाळा लोटला होता. तिला आई नव्हती, बाप नव्हता, काकानं लग्न लावून दिलं होतं आणि पुन्हा फिरून पाहिलं नव्हतं. मी पाहिली तेव्हा ती विशीतली असेल. कपाळ मोकळं, हात मोकळे, आणि हसू आलं की तोंडावर पदर धरायची तिला सवय लागली होती.

आता दुःख कसं करावं याचं रोहण्याचं शास्त्र अगदी पक्कं होतं. भेटायला येणाऱ्या बायकांनी कोपऱ्यावरूनच गळा काढायचा, घरच्या बाईनं आतून गळ्यानं उत्तर द्यायचं, मग गळ्यात पडायचं, मग पाणी प्यायचं, आणि मग पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कशी आहे ते विचारायचं. फुलामायनं सुरुवातीचे एकदोन दिवस हे पाळलं. पुढे सुतक फिटायच्या आतच ती वच्छलेला घेऊन निंदणाला वावरात गेली. लांबलांबच्या गावांहून लोक बंड्या जुंपून रडायला येत, आणि दाराला कडी. गावाला हा आपला अपमान वाटला. पाटलीणबाई थेट वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन तिला बोलल्या, तेव्हा फुलामाय मान वर न करता म्हणाली, "गवताले काय मालूम पाटलीनबाई, आपल्या घरी कोन मेलं थे? थे वाढूनच राह्यलं." त्या दिवसापासून गावानं ठरवलं, की या बाईचं काळीज दगडाचं आहे. नंतर तिचं एक दुसरं वागणं पाहून गावानं असंही ठरवलं, की दुःखानं तिचं डोकं थोडं कामातून गेलं आहे. दगडाचं काळीज आणि दुःखानं गेलेलं डोकं एकाच बाईत कसं राहतं, हे कुणी विचारलं नाही.

ते दुसरं वागणं असं. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या बायका बेसन-भाकर घेऊन जातात. आमच्याकडे पिठल्याला बेसन म्हणतात, आणि या जेवणाला कडू घास. गावात कुणाच्याही घरी, कुठल्याही आळीत माणूस गेला, की फुलामायची टोपली हमखास पोचायची. आणि तिच्या बेसनात हमखास मीठ नसायचं. लोक चुकचुकत म्हणायचे, "इसरते बिचारी. सोसलंच तेवढं." फुलामाय ते ऐकून घ्यायची, पदराच्या गाठीतले मिठाचे खडे सोडून ताटात टाकायची आणि फटक फटक घरी यायची.

मला हे कोडं पडलं, कारण घरी तिच्या हातच्या कशातच मीठ कधी चुकत नव्हतं. आणि विसरणारी बाई पदराला मीठ बांधून कशी निघते? एकदा मी वच्छलेला विचारलं. ती पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "आत्याबाई कायच्या इसरतेत? थे इसराचं ध्यानात ठेवतेत."

मग फुलामायनंच सांगितलं. शेंगा फोडत बसलो होतो. "धाकटा गेला न्, त्या दिवशी पाटलीनबाईनं बेसन आनलतं. बरेच दिवस झालते, पोटात अन्न नवतं. घास तोंडात घेतला अन् मनात आलं, याच्यात मीठ नाई. अन् मंग मले माहीच शरम वाटली, बाई. लय शरम वाटली. घरातले तीन मानसं गेले, अन् माह्या जिभेले मीठ पाह्यजे! मंग म्हनलं, जीभ तं मेली नाई अजून. मंग बाकीचं बी नसन मेलं." एवढं बोलून तिनं मूठभर शेंगा माझ्या पुढ्यात सरकवल्या, कारण माझे हात थांबले होते.

तेव्हापासून तिनं हे हत्यार करून घेतलं. टोपली ठेवायची आणि समोर बसून राहायचं. समजूत घालायची नाही, देवाची मर्जी म्हणायचं नाही. समोरचा माणूस मीठ मागेल तेव्हा उठायचं. पहिल्या दिवशी मागितलं तर ती निश्चिंत होऊन यायची. नाही मागितलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा अळणी. एका म्हातारीनं तर नातवाच्या सुतकात तिला शिव्या घातल्या, की मेले, एवढं वय झालं, बेसनात मीठ घालता येत नाही का तुला. त्या दिवशी फुलामाय इतकी खुशीत घरी आली, की तिनं आल्याबरोबर चहात दुप्पट साखर टाकली.

माझी तिच्यावर माया जडली ती इथून. भीती आधीपासून होती, ती तशीच राहिली.

सोसलेल्या माणसानं संतासारखं वागावं अशी लोकांची अपेक्षा असते. फुलामायनं ती सगळ्या बाजूंनी मोडली. तिला तंबाखू लागायची. आर्वीच्या टुरिंग टॉकीजची तिला भारी हौस, आणि तिथे ती पडद्यावरच्या खलनायकाला मोठ्यानं शिव्या द्यायची. मेलेल्या नवऱ्याशी ती रोज बोलायची, पण त्यात भक्ती नसे, तक्रार असे. बैल अडला की म्हणायची, "तुमचं बरं हाय. तुमी सुटले." आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून उठून मुंबई राज्यात गेला, ती बातमी मी मोठ्या उत्साहानं तिला सांगितली. ती म्हणाली, "आपन तं कुठी गेलो नाई बाप्पा. इथीसाच हावो."

पण एका बाबतीत ती हसण्यावारी नेत नसे. वच्छला. "हे पोरगी माह्यापाशी बुढी झाली नाई पाह्यजे," हे वाक्य मी तिच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं, की शाळेत फळ्यावर लिहिताना मला ते ऐकू यायचं. त्यांच्या जातीत विधवेचा पाट लावून दुसरं लग्न करून द्यायची रीत होती, म्हणजे मनात आणलं तर अडचण काहीच नव्हती. अडचण वच्छलाच होती. कुणी स्थळाचं नाव काढलं की ती गोठ्यात जाऊन बसायची.

नवरदेव फुलामायला कुठे सापडला, तर सुतकात. आष्टीला तिच्या मावसबहिणीच्या शेजारी शंकर नावाच्या माणसाची बायको बाळंतपणात गेली होती, मूलही गेलं होतं. फुलामाय टोपली घेऊन पोचलीच. शंकरचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. हात काळे, मान खाली. एक घास घेतला आणि म्हणाला, "माय, मीठ इसरल्या जनू तुमी. बसा, मी आनतो." उठला, मीठ घेऊन आला, आणि स्वतःच्या ताटात घालण्याआधी तिला विचारलं, की तुम्ही जेवल्या का. फुलामाय परत आली ती दारातूनच ओरडत, "वच्छे, पाहुना सापडला!"

वर्ष सरू दिलं आणि मग तिनं गोष्ट काढली. वच्छलेनं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि म्हणाली, "मी गेली तं तुमचं कोन हाय?"

"माह्यासाठी राहून राह्यली का तू? मी काय म्हैस हाव, दावनीले बांधून ठेवाले?"

"मी नाई जात."

त्यावर फुलामायनं जे केलं, तसं दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. तिनं वाईट सासू व्हायचं ठरवलं. सासरवास असह्य झाला की पोरगी आपोआप निघेल, असा हिशोब. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर, बायकांच्या देखत, तिनं वच्छलेला बोलायला सुरुवात केली. भाकर जाड करते, घागर सांडते, दळण वेळेवर आणत नाही. बायकांना मोठा आनंद झाला. इतकी वर्षं या बुढीनं एक धड भांडण गावाला पाहायला दिलं नव्हतं. त्या लगेच वच्छलेच्या बाजूनं उभ्या राहिल्या, तिला कोपऱ्यात घेऊन म्हणू लागल्या, की बाई, सोड या कैदाशिणीला, कर दुसरं घर. म्हणजे फुलामायचा डाव बरोबर चालला होता. घोटाळा घरी व्हायचा. घरी आल्यावर तिला आठवण राहायची नाही आणि ती वच्छलेला पुढ्यात बसवून तिच्या केसांना तेल चोळत बसायची. एकदा तर भर विहिरीवर शिव्या देता देता मध्येच थांबून म्हणाली, "अन् काऊन वं, सकायपासून जेवली नाई तू?" तिथे वच्छलेला हसू आवरेना. "आत्याबाई," ती म्हणाली, "तुमाले भांडता येत नाई. राहू द्या."

त्या संध्याकाळी फुलामाय खरंच रागावली. माझी खोली आणि त्यांचं स्वयंपाकघर यात एक कुडाची भिंत होती, तेव्हा ऐकायचं नाही असं ठरवूनही उपयोग नसे. मग फुलामायचा आवाज आला, आणि तो मी कधी ऐकला नव्हता इतका खाली होता.

"पाय वच्छे. तिघं गेले, थे मले न इचारता गेले. म्या धरून ठेवले तरी गेले. या घरातून एक तरी मानूस मले सोताच्या हातानं धाडू दे. जित्तं धाडू दे. मंग मी मानीन का हे माह्यं घर होतं, मसनाची वाट नवती."

सकाळी मी उठले तेव्हा वच्छलेचे डोळे सुजले होते, आणि ती फुलामायच्या वहाणांना तेल लावत बसली होती. "मी जातो म्हनलं," ती मला म्हणाली, "पन सनावाराले इथीसाच येईन म्हनलं. तसं त्याइले सांगून ठेवा म्हनलं." आष्टीहून शंकरचा निरोप आला, की सणावारालाच काय, मन झालं तेव्हा जावं.

आता नवी अडचण. पाट लावायचा तो अंधार पडल्यावर, वाजंत्री न लावता, मागच्या दारानं, आणि सवाष्णींनी तिकडे पाहायचं नाही, अशी रीत. फुलामाय म्हणाली, भर दुपारी लावीन, पुढच्या आंगनात, डफडं लावून. पंच मंडळींनी तिला समजावलं, की पाट नको असं आम्ही म्हणतच नाही, फक्त कुणाला दिसू नये. "काऊन? तिनं काय चोरी केली?" ती म्हणाली. पंचांनी हात वर केले.

तेव्हा मीच तिला, गावात ज्यांच्या शब्दाला मान होता त्या माधवराव गुरुजींकडे घेऊन गेले. गुरुजी तरुणपणी वर्ध्याकडच्या एका आश्रमात राहून आले होते आणि येताना बरीच व्रतं घेऊन आले होते. त्यातलं सगळ्यांत कडक अस्वादाचं, म्हणजे जिभेचे चोचले बंद, जेवणात मीठ बंद. बायको यमुनाबाई गेली पंचवीस वर्षं दोन स्वयंपाक करायच्या, एक गुरुजींचा बिनमिठाचा आणि एक इतरांचा. विधवांच्या पुनर्विवाहावर गुरुजींचं भाषण मी वर्ध्याला स्वतः ऐकलं होतं आणि टाळ्याही वाजवल्या होत्या. फुलामायचं म्हणणं त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि टकळी फिरवत म्हणाले, "तत्त्वतः मी तुमच्याच बाजूचा आहे. पण लोकमत तयार व्हायला हवं."

"कवा होते जी थे तयार? तवरिक पोरीचे केस पिकतीन."

गुरुजी मंद हसले. आम्ही घरी आलो. वाटेत फुलामाय एवढंच म्हणाली, की मानूस चांगला हाय, पन दुरून.

आणि मग त्याच महिन्यात यमुनाबाई गेल्या. ताप आला, उतरला, पुन्हा आला, आणि गेल्या. शाळेला सुट्टी होती, म्हणून फुलामायबरोबर मीही निघाले. टोपली तिच्या डोक्यावर. निम्म्या वाटेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "अहो फुलामाय," मी म्हटलं, "गुरुजी तर मीठ खातच नाहीत. त्यांचं व्रत आहे."

ती गल्लीत मधोमध थांबली. "आं? मंग मीठ मागन कसा थो मानूस?"

"मागणारच नाहीत."

"घरी जाऊन मीठ टाकून आनू का?"

"मीठ टाकलं तर खाणार नाहीत."

टोपली डोक्यावर धरून ती तशीच उभी राहिली. इतक्या घरी तिचं हत्यार चाललं होतं, आणि इथे ते मुळातच बोथट. शेवटी म्हणाली, "असा कसा मानूस वं हा! दुःखात बी याचा पत्ता लागत नाई." पण अर्ध्या वाटेवरून कडू घास परत नेता येत नाही, म्हणून गेलो.

गुरुजी चटईवर ताठ बसले होते. येणाऱ्यालाच ते धीर देत होते, की देह नश्वर आहे, शोक करू नये. त्यांची भावजय एका कोपऱ्यात बसली होती. फुलामायनं ताट वाढलं आणि बसली, पण अशी, की उठावं की बसावं तिलाच कळत नव्हतं. गुरुजींनी भाकरीचा तुकडा मोडला, बेसनाला लावला, तोंडात घातला. चावता चावता थांबले. दुसरा घास घेतला.

"हे असं का लागतं?" ते म्हणाले.

"मीठ नाई टाकलं जी त्याच्यात."

"मीठ तर मी खातच नाही. पण यमुनाचं बेसन असं लागत नव्हतं."

भावजय भिंतीकडे पाहू लागली. ती तशी पाहू लागली, त्यावरून मला कळलं, आणि फुलामायला बहुधा माझ्या आधी कळलं असावं. गुरुजींनी घास खाली ठेवला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

"म्हणजे रोज?" ते म्हणाले. "रोज घालत होती ती?"

जगातल्या कुठल्याही गोष्टीवर फुलामायकडे उत्तर तयार असायचं. त्या दिवशी तिला ते शोधावं लागलं. "चिमूटभर टाकत असन जी," ती म्हणाली. "तुमच्या पोटात दोन घास जास्त जावं म्हनून."

आणि सकाळपासून लोकांना नश्वर देहाचं तत्त्वज्ञान सांगणारा तो माणूस ताटावर वाकून मोठ्यानं रडला. रोहण्याच्या शास्त्राप्रमाणे नाही, कसंही, नाक पुसायचं भान नसलेलं. मलाही रडू आवरलं नाही. यमुनाबाईंची ती न दिसलेली चिमूट माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बऱ्याच वेळानं गुरुजींनी ताट पुढे सरकवलं, आणि फुलामायनं पदराची गाठ सोडली.

गुरुजींचं व्रत त्या दिवशी मोडलं असं मी म्हणणार नाही. ते पंचवीस वर्षं रोज दोन वेळा मोडत आलं होतं. पुढेही ते जाहीरपणे चालूच राहिलं. फक्त त्यांची भाजी आता फुलामायकडून जायची, आणि त्यात काय आहे, काय नाही, हे गुरुजी कधी विचारत नसत.

पंचांच्या पुढच्या बैठकीत मात्र ते आपणहून आले. पंचांनी पुन्हा रीत काढली. गुरुजी म्हणाले, "माझ्याही घरात एक रीत होती. ती कशी पाळली जायची, ते मला परवा कळलं. पाट दुपारी लागेल. मी पुढे बसतो." लोकमत असं एका मिनिटात तयार झालं. गुरुजींच्या रडण्याची बातमी गावभर झाली होती, आणि तशा माणसाशी वाद घालायला कुणी धजेना.

भर दुपारी, पुढच्या अंगणात, डफडं आणि सनई लावून वच्छलेचा पाट लागला. आधी बायका दारांच्या फटींतून पाहत होत्या, मग ओसरीवर आल्या, मग नीट दिसेना म्हणून अंगणात आल्या. गुरुजींनी समाजसुधारणेवर बोलायला सुरुवात केली. पुरातन काळापर्यंत पोचले असतील, तोच फुलामाय म्हणाली, "गुरुजी, पह्यले लगन लावा. पोरगी उन्हात उभी हाय." मग कुंकू कुणी लावायचं यावर सगळं अडलं. सवाष्णी एकमेकींच्या मागे सरकू लागल्या. तेव्हा पाटलीणबाई पुढे आल्या, कुणालाही ऐकू जाईल अशा आवाजात पुटपुटल्या, की उशीर होऊन राह्यला, घरी ढोरं वाट पाहत असतील, आणि वच्छलेच्या कपाळावर त्यांनी कुंकवाचा असा मोठा टिळा लावला, की त्याचे कण नाकावर सांडले.

शंकरची दमणी निघाली तेव्हा वच्छला फुलामायला सोडेना. फुलामाय दमणीबरोबर नाल्यापर्यंत चालत गेली, बैलांना शिव्या देत, शंकरला सूचना देत. मी घरी थांबले होते. परत येताना वहाणांचा आवाज नेहमीपेक्षा बराच उशिरा आला.

यापुढे तिनं हसतमुखानं नवं आयुष्य वगैरे सुरू केलं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. कितीतरी दिवस ती दोघींच्या भाकरी थापायची आणि उरलेली शेळीला घालायची. घर मोठं दिसायला लागलं. एकदा चुलीपाशी बसल्या बसल्या मला म्हणाली, "लय वंगाळ वाटते, बाई. त्या तिघांच्या वक्ताले वच्छी होती. वच्छीच्या वक्ताले कोनी नाई."

"मी आहे ना," मी म्हटलं.

"तुमी हावच. पन तुमची बदली होईन."

एवढं बोलून ती पदर झटकून उठली, कारण खालच्या आळीत कुणीतरी गेलं होतं आणि टोपली भरायची होती.

बदली झालीच. मोटार दुपारची होती. माझी ट्रंक अंगणात आणून ठेवली होती आणि फुलामायला माझ्याकडे बघायला वेळ नव्हता. वच्छला महिन्याभरापूर्वीच पहिल्या बाळंतपणाला आली होती. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर कुठलं म्हणून शंकरनं विचारलं, तेव्हा तिनं सरळ रोहण्याचं नाव सांगितलं होतं. आत खाटेवर ती पडून होती. बाहेर उन्हात फुलामाय पाय लांब करून बसली होती, पायांवर पालथं घातलेलं काळंसावळं पोरगं, आणि ती त्याला तेल चोळत होती. पोरगं किंचाळत होतं आणि ती त्याच्यावर ओरडत होती. दोघांचे आवाज साधारण सारखेच होते.

आर्वीची कासारीण बांगड्यांचं ओझं घेऊन दारात आली. ती उभी राहून पाहत होती. तिला सगळं माहीत होतं. आर्वीपासून आष्टीपर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

"काय वं बुढे," ती म्हणाली, "पोट्टं तं थ्या आष्टीवाल्याचं. तुह्या पोराचं नाई, तुह्या रक्ताचं नाई. मंग हे तुह्यं लागते तरी कोन?"

फुलामायनं पोराला उलटं केलं, त्याच्या पोटावर हात ठेवला आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"वच्छी माही सून हाय," ती म्हणाली. "अन् सुनेच्या पोराले काय म्हंतेत वं तुमच्या आर्वीत?"